कारखान्यात नवीन लागलात? कोणाला काय सांगायचं, काय लिहून द्यायचं

मी आयटीआय फिटर. लातूर जिल्ह्यातून चाकणला आलो तेव्हा विशीचा होतो. मशीन हाताखाली यायला मला चार महिने लागले. पण कोणती गोष्ट कोणाला सांगायची, कधी सांगायची, आणि तोंडी सांगायची की कागदावर द्यायची, हे कळायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत माझा पगार कापला गेला, मेमो मिळाला आणि माझ्या न लिहिलेल्या एका ओळीमुळे एका मुलाचा हात जाता जाता वाचला.

आज मी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून नग काढणाऱ्या मशीनच्या विभागात, शिफ्ट सुपरवायझर आहे. दर दोन-तीन महिन्यांनी नवीन मुलं येतात. कोणी बीडचं, कोणी यवतमाळचं, कोणी बिहार-ओडिशातून. हल्ली मुलीही येतात. काम सगळे पटकन शिकतात. अडतात ते बोलण्यात. म्हणून हे लिहितोय. उदाहरणं कारखान्यातली आहेत, कारण मला तेच माहीत आहे.

आधी हे जवळ करून ठेवा

- नेमणूकपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार ते प्रत्येकाला देणं मालकावर बंधनकारक आहे. मिळालं नसेल तर मागा. मिळालं असेल तर त्याची झेरॉक्स घरी आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
- दर महिन्याची पगारपावती. फक्त बँकेत पैसे आल्याचा मेसेज पुरत नाही. किती हजेरी धरली, ओटी (जादा तास) किती लावला, कशाचे पैसे कापले हे पावतीतच दिसतं.
- खिशात मावेल अशी वही आणि पेन. बऱ्याच कारखान्यांत शॉपवर मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे वहीच लागते.
- एक साधी फाइल. तुम्ही दिलेल्या प्रत्येक अर्जाची, घेणाऱ्याची सही असलेली प्रत तिच्यात जाईल.
- सुपरवायझर, टाइम ऑफिस, सेफ्टी ऑफिसर आणि फर्स्ट एड रूम यांचे नंबर, वहीच्या पहिल्या पानावर. मोबाइलची बॅटरी उतरते, वहीची नाही.

१. पहिल्या आठवड्यात आपल्या वरची माणसं कागदावर काढा

नवीन माणसाला वाटतं की जो ओरडतो तो आपला साहेब. तसं नसतं. एकाच मशीनपाशी दिवसभरात पाच-सहा माणसं येऊन सूचना देऊन जातात: लाइन लीडर, सुपरवायझर, क्वालिटीचा इन्स्पेक्टर, मेंटेनन्सवाला, सेफ्टी ऑफिसर, कधी प्लँट हेड. यातला प्रत्येक जण कशापुरता तुमचा वरिष्ठ आहे हे विचारून घ्या आणि वहीत लिहा. नग थांबवायचा अधिकार क्वालिटीला असतो, पण तुम्हाला दुसऱ्या मशीनवर पाठवायचा अधिकार त्याला नसतो. मेंटेनन्सचा माणूस मशीन बंद ठेवायला सांगू शकतो. रजा मात्र तो देऊ शकत नाही.

दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर काय करायचं? नवीन माणूस इथेच मार खातो. स्वतः निवाडा करू नका. सरळ म्हणा, "सर, लाइन लीडरदादांनी मला सहा नंबरवर थांबायला सांगितलंय. तुम्ही त्यांच्याशी बोलून घ्याल का? मग मी जातो." यात उद्धटपणा नाही. दोन वरिष्ठांमधला गोंधळ त्यांनीच मिटवायचा असतो.

कंत्राटदारामार्फत लागला असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शॉपवर काम कंपनीचा सुपरवायझर सांगतो, पण तुमची हजेरी, पगार, पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) हे कंत्राटदाराकडे असतं. पगाराचा प्रश्न घेऊन मुलं सुपरवायझरकडे जातात, तो "माझ्या हातात नाही" म्हणतो आणि मुलं नाराज होऊन परततात. तो खरंच सांगत असतो. कंत्राटदाराचा जो माणूस कारखान्यात बसतो त्याचं नाव, त्याची वेळ आणि बसायची जागा पहिल्या दिवशीच विचारा. त्याच्याकडून काम झालं नाही तर मग कंपनीच्या एचआरला लेखी कळवा.

२. न समजता "हो सर" म्हणू नका

आपल्याकडे मोठ्यांना उलट विचारू नये असं घरातूनच शिकवलेलं असतं. साहेब भराभरा सांगतात, शेवटी "समजलं का?" विचारतात, आणि आपण मान हलवतो. मी पहिलं वर्षभर हेच केलं. मग बाजूच्या ऑपरेटरला विचारायचो, "साहेब काय म्हणाले रे?" त्यालाही अर्धंच कळलेलं असायचं.

यावर एकच उपाय मला लागू पडला. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं. "म्हणजे सर, आधी हे दोनशे नग संपवायचे, मग डाय बदलायची, आणि पहिला नग क्वालिटीला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. बरोबर?" (डाय म्हणजे नगाला आकार देणारा साचा.) दहा सेकंद लागतात. चूक असेल तर साहेब तिथेच दुरुस्त करतात. मी आता स्वतः सुपरवायझर आहे, म्हणून खात्रीने सांगतो: असं परत बोलून दाखवणाऱ्या मुलाचा राग कोणालाच येत नाही. राग येतो तो तासाभराने चुकीच्या डायवर काढलेल्या नगांचा.

भाषेची भीती बाळगू नका. आमच्याकडे एक मॅनेजर तमिळनाडूचे होते. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, हिंदी दोन्हीकडे मोडकीच. पण जॉब, फिक्श्चर (नग धरून ठेवणारी चौकट), बर (नगाच्या कडेला राहिलेली धारदार कोर), टूल, सेटिंग हे शब्द सगळ्यांचे सारखेच. नग हातात घेऊन बोट दाखवलं की निम्मं काम व्हायचं. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प राहू नका. मराठीत सांगा, हिंदीत सांगा, नगावर मार्करने गोल करून दाखवा.

हाक कशी मारायची हेही नवीन मुलं विचारतात. सुपरवायझर आणि त्याच्या वरच्यांना सर किंवा साहेब, बाईंना मॅडम. जुन्या ऑपरेटरला दादा, भाऊ, वयस्कर असतील तर काका किंवा मामा. वयाने लहान सुपरवायझर असला तरी त्याला शॉपवर अरे-तुरे करू नका, अगदी तुमच्या गावचा असला तरी. बाहेर चहाला गेल्यावर तुमचं तुम्ही बघा.

३. वाईट बातमी सगळ्यात आधी, आणि पूर्ण द्या

नग बिघडला की नवीन माणसाचा पहिला विचार असतो, कोणी बघितलं तर नाही ना. मग तो नग खालच्या थरात जातो किंवा स्क्रॅपच्या ढिगात. हे करू नका. पाच खराब नग दिसले तर सुपरवायझर रागावेल, पण विषय तिथे संपेल. तेच पाच नग ग्राहकाच्या लाइनवर सापडले तर सगळा लॉट परत येतो, पुरी शिफ्ट तपासणीला बसते आणि शेवटी तुमचा मशीन नंबर निघतोच.

सांगताना "सर, जरा प्रॉब्लेम आहे" एवढंच म्हणून थांबू नका. सुपरवायझरच्या डोक्यात त्या वेळी दहा मशीन असतात. त्याला हे सगळं एका दमात हवं असतं: कुठे, काय, कधीपासून, किती, तुम्ही काय केलंत, आणि त्याच्याकडून काय हवंय. असं:

"सर, चार नंबर प्रेसवर साडेदहापासून बर येतोय. शेवटचे पस्तीस नग बाजूला काढून लाल टॅग लावलाय. त्याच्या आधीचे बिनमध्ये गेलेत, ते बघायला क्वालिटीचा माणूस हवा. मशीन मी थांबवलंय."

कारण माहीत नसेल तर अंदाज ठोकू नका. "कारण मला माहीत नाही" हे पूर्ण उत्तर आहे. आणि "बी शिफ्टवाल्याने सेटिंग बिघडवलं" असं पुराव्याशिवाय म्हणू नका. तो माणूस उद्या तुमच्याच शेजारी उभा राहणार आहे.

काही कारखान्यांत लाइनच्या वर दोरी किंवा बटण असतं. त्याला अँडॉन म्हणतात. ही पद्धत जपानच्या टोयोटातून जगभर गेली. अडचण दिसली की कामगाराने दोरी ओढायची, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. दोरी दिलेली असते ती ओढण्यासाठीच. नवीन मुलं तिला हात लावायला घाबरतात, आणि काही सुपरवायझरही दोरी ओढणाऱ्याकडे डोळे वटारून बघतात. असा सुपरवायझर भेटला तरी ओढा.

४. शिफ्ट सोपवताना बोला आणि लिहा, दोन्ही करा

हा भाग नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. नाइट शिफ्ट होती. माझ्या प्रेसला लाइट कर्टन होतं. म्हणजे डायच्या पुढे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा, हात आत गेला की प्रेस जागीच थांबते. पहाटे दोनदा मला वाटलं की हात काढायच्या आधीच प्रेस हलली. खात्री नव्हती. झोप डोळ्यांवर होती. मेंटेनन्सला फोन केला असता तर मशीन थांबली असती, टार्गेट राहिलं असतं. मी सावधपणे काम रेटलं. सकाळी बस सुटायची घाई. पुढच्या शिफ्टचा मुलगा लॉकरपाशी भेटला. त्याला चालता चालता म्हणालो, "जरा सांभाळून रे, सेन्सर मस्ती करतोय." त्याने मान हलवली. लॉगबुकात मी "ओके" लिहिलं आणि सही केली.

नऊच्या सुमाराला प्रेस त्याच्या हातावर आली. हातमोजाच्या बोटांची टोकं डायमध्ये चिरडली, बोटं निसटली. त्याने मला नंतर सांगितलं की "मस्ती करतोय" म्हणजे प्रेस मधेच बंद पडते आहे असं त्याला वाटलं होतं. मला म्हणायचं होतं की ती बंद पडत नाहीये. एकाच वाक्याचे दोन अगदी उलटे अर्थ.

त्या लॉगबुकाच्या पानाची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे. नवीन मुलाला लॉगबुक देण्याआधी ते पान त्याच्या हातात देतो.

हे फक्त आमच्यासारख्या कारखान्यात घडत नाही. ६ जुलै १९८८ ला स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेल आणि वायू काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायला काढला होता आणि त्याच्या जागी नुसती चकती बसवली होती. संध्याकाळपर्यंत काम पुरं झालं नाही. हा पंप चालू करायचा नाही, हे रात्रपाळीला नीट कळलंच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच सुरू केला. वायू गळला आणि आग लागली. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, त्यात १०६ शिफारशी होत्या. तिथे कागदाची पद्धत होती, परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी होती, शिकलेली माणसं होती. तरी एका शिफ्टला माहीत असलेली गोष्ट दुसरीपर्यंत पोचली नाही.

म्हणून शिफ्ट संपायच्या पंधरा मिनिटं आधी लॉगबुक उघडा. बस दाराशी उभी असली तरी. यात हे यायलाच हवं:

- मशीन आत्ता कसं चालू आहे. "ओके" हा शब्द वापरू नका. "रात्री २ ते ४ बंद होतं, हायड्रॉलिकचा होज बदलला, नंतर ठीक" असं लिहा.
- काय अर्धवट आहे. डाय निम्मी बांधली आहे, तपासणी बाकी आहे, गार्ड काढून ठेवलाय, हे सगळं.
- काय विचित्र वाटलं, खात्री नसली तरी. "पहाटे ३ आणि ४.२० ला लाइट कर्टन लागलं नाही असं वाटलं. मेंटेनन्सने बघितल्याशिवाय चालवू नये." ही ओळ मी त्या दिवशी लिहायला हवी होती.
- कोणाला कळवलं, किती वाजता.

आणि लिहून झाल्यावर पुढच्या माणसाला मशीनपाशी न्या. लॉकरपाशी नको, गेटवर नको. बोट दाखवून सांगा आणि त्याला परत बोलायला लावा. मशीन धोक्याचं असेल तर पुढचा माणूस येईपर्यंत थांबू नका. ताबडतोब बंद करा, टॅग लावा, सुपरवायझरला बोलवा. धोका दिसला तर तो मालकाला किंवा सुरक्षा समितीच्या सदस्याला सांगायचा हक्क कायद्याने तुम्हाला दिलेला आहे, टार्गेट काहीही असो.

५. रजा मागणं म्हणजे कळवणं नव्हे

मामेभावाच्या लग्नाला मी चार दिवस गेलो होतो. कँटीनमध्ये सुपरवायझरला सांगितलं होतं, ते "जा, जा" म्हणाले होते. परत आलो तर चार दिवस गैरहजेरी. दरम्यान त्यांची बदली दुसऱ्या शॉपला झाली होती आणि नव्या सुपरवायझरला काहीच माहीत नव्हतं. पगार कापला गेला. कोणी खोटं बोललं नव्हतं, फक्त कागद नव्हता.

रजेचा अर्ज चार ओळींचा पुरतो:

"प्रति, शिफ्ट सुपरवायझर, प्रेस शॉप. विषय: रजा मिळण्याबाबत. महोदय, घरी बहिणीचं लग्न असल्याने मला १२ मे ते १५ मे अशी चार दिवसांची पगारी रजा मिळावी. १६ मे रोजी पहिल्या शिफ्टला हजर होईन. आपला विश्वासू," आणि नाव, टोकन नंबर, तारीख, सही.

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या. आता मोबाइल ॲपवर अर्ज करतात तिथे मंजुरीचा स्क्रीनशॉट ठेवा. अर्ज केला म्हणजे रजा मिळाली नव्हे. "मंजूर" दिसेपर्यंत गाडीचं तिकीट काढू नका. लग्नासारखी गोष्ट महिनाभर आधी माहीत असते, तेव्हा निदान पंधरा दिवस आधी अर्ज द्या.

रजा नाकारली तरी अर्जाची प्रत फाडू नका. एरवी शिल्लक पगारी रजा पुढच्या वर्षात ३० दिवसांपर्यंतच नेता येते. पण तुम्ही मागितली आणि मालकाने दिली नाही, अशी रजा कोणत्याही मर्यादेशिवाय पुढे नेता येते. ही तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती आणि नव्या संहितेतही आहे. तोंडी मागितलेल्या आणि नाकारलेल्या रजेचा मात्र पुरावाच नसतो.

अचानक आजारी पडलात तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी फोन करा, फोन लागला नाही तर मेसेज टाका, आणि डॉक्टरचा किंवा ईएसआयसीचा दाखला घेऊनच परत या. तीन दिवस फोन बंद ठेवून चौथ्या दिवशी कारण सांगायला आलेल्या माणसाचं खरं कारणही कोणाला पटत नाही.

६. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

शिफ्टचा ग्रुप असतोच. त्यावर आलेली सूचना वाचा, समजली तर तसं कळवा, शंका असेल तर फोन करा. अपघात, मशीनचा धोका किंवा रजा यांच्यासाठी ग्रुपवर विसंबू नका. तुमचा मेसेज शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. साहेबांची तक्रार, पगाराचा आकडा, कारखान्यातल्या मशीनचा किंवा ड्रॉइंगचा फोटो ग्रुपवर कधीही टाकू नका. त्यावरून नोकरी गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

७. मेमो मिळाला तर

हात कापतात, मला माहीत आहे. पण घाबरून दोन चुका होतात. एक, मेमो घ्यायलाच नकार देणं. तुम्ही नाही घेतलात तर तो पोस्टाने घरी येतो किंवा बोर्डावर लागतो, आणि वर "घ्यायला नकार दिला" ही एक ओळ वाढते. मेमो हातात घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. घ्या, आणि प्रतीवर लिहा: "मेमोची प्रत मिळाली", तारीख, वेळ, सही. बस, याहून जास्त काही नको.

दुसरी चूक माझ्या हातून झाली. मशीन सोडून गेलो म्हणून मला मेमो आला होता. खरं म्हणजे मी क्वालिटीच्या माणसाला बोलवायला गेलो होतो. टाइम ऑफिसातल्या एकाने सांगितलं, "लिहून टाक, चूक झाली, माफी असावी, विषय संपेल." मी लिहिलं. विषय संपला नाही. पुढे परमनंट करायच्या यादीत माझं नाव आलं तेव्हा तोच कागद समोर ठेवला गेला, आणि माझ्याच अक्षरातली कबुली मला नाकारता येईना. वर्ष गेलं त्यात.

मेमोचं उत्तर घरी बसून, थंड डोक्याने लिहा. आत उत्तर द्यायची मुदत दिलेली असते, ती बघा. पुरणार नसेल तर मुदत वाढवून मागा, तेही लेखी. मेमो इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल तर मराठीतून मिळावा असा अर्ज द्या. उत्तरात घडलं ते वेळेसकट लिहा: "दि. ८ रोजी सकाळी ११.१० ला नगावर चीर दिसली म्हणून मशीन बंद करून क्वालिटी टेबलापाशी गेलो. ११.२० ला इन्स्पेक्टरसोबत परत आलो. लॉगबुकात नोंद आहे." चूक खरंच झाली असेल तर तेवढीच कबूल करा, जेवढी झाली. कोऱ्या कागदावर कोणाच्याही सांगण्यावरून सही करू नका.

कारखान्याचे स्थायी आदेश, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर, असतील तर एकदा वाचा. कशाला गैरवर्तन म्हणतात, चौकशी कशी होते, चौकशीत सोबत सहकारी घेता येतो का, हे सगळं त्यात असतं. मोठ्या कारखान्यांत ते गेटजवळच्या बोर्डावर लावलेले असतात. आम्ही रोज त्याच्या समोरून थंब लावायला जातो आणि कोणी वाचत नाही.

८. तक्रार कुठे न्यायची

आधी सुपरवायझर. तो ऐकत नसेल तर त्याच्या वरचा. लगेच प्लँट हेडच्या केबिनमध्ये शिरू नका. मधल्या माणसाला न विचारता वर गेलेली तक्रार बहुतेक वेळा त्याच मधल्या माणसाकडे परत येते, फक्त आता तो दुखावलेला असतो. पण सुपरवायझरच तक्रारीचा विषय असेल, किंवा जीव धोक्यात असेल, तर हा नियम पाळू नका.

तोंडी सांगून दोन आठवड्यांत काही झालं नाही तर लिहून द्या. २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार तिच्यात जास्तीत जास्त १० सदस्य असतात, मालकाच्या आणि कामगारांच्या बाजूचे सारखेच. अर्ज घटनेपासून एका वर्षात द्यायचा आणि समितीने ३० दिवसांत काम पुरं करायचं. आपल्या कारखान्यात या समितीवर कामगारांकडून कोण आहे, हे आजच विचारून वहीत लिहा. गरज पडेल तेव्हा विचारलंत तर सगळ्यांना कळतं की तुम्ही तक्रार करणार आहात.

लैंगिक छळाची तक्रार या समितीकडे नाही, अंतर्गत समितीकडे जाते. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे ती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार लेखी, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. ताईंनो, कंत्राटी असलात, ट्रेनी असलात तरी हा कायदा तुम्हाला लागू आहे. "तू परमनंट नाहीस" असं सांगून कोणी परत पाठवलं तर ते खोटं आहे.

सुरक्षिततेचं आतमध्ये कोणी ऐकतच नसेल तर महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, तिथे कळवता येतं. पण तुमच्या लॉगबुकातल्या नोंदी, अर्जाच्या प्रती, तारखा हाताशी असतील तरच तुमच्या शब्दाला वजन येतं. फाइल ठेवा म्हणालो ते यासाठी.

९. आणि नव्याने सुपरवायझर झाला असाल तर

ऑपरेटरचे सुपरवायझर झालेले बरेच जण पहिल्याच महिन्यात आवाज चढवायला लागतात. मीही चढवला. काम वाढलं नाही, लोकांनी मला सांगणं बंद केलं. रिजेक्शन मला क्वालिटीच्या रिपोर्टात कळायला लागलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी. त्यानंतर मी काही गोष्टी धरून ठेवल्या.

लाइनसमोर कोणालाही झापत नाही. बाजूला घेऊन, नग हातात देऊन बोलतो. चूक सांगायला आलेल्या माणसाला पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" एवढंच, चौकशी नंतर. शिफ्टच्या सुरुवातीची पाच मिनिटं उभ्याने बोलतो तेव्हा फक्त आकडा सांगत नाही, कारणही सांगतो. "आज सहाशे हवेत, कारण उद्या ग्राहकाची गाडी सकाळी सातला लागणार आहे." कारण कळलं की माणसं स्वतःहून जुळवून घेतात. रजेचे अर्ज त्याच शिफ्टमध्ये मंजूर किंवा नामंजूर करून परत देतो, आणि नामंजूर असेल तर कारण अर्जावरच लिहितो.

जे माझ्या हातात नाही त्याचंही उत्तर देतो. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाने सहा नंबर प्रेसवर पंखा मागितला. बजेट माझ्याकडे नव्हतं. मागणी वर पाठवली आणि त्याला सांगितलं, दर सोमवारी काय झालं ते सांगेन. पहिल्या सोमवारी सांगितलं, फाइल गेली. दुसऱ्या सोमवारी, काही हललं नाही. तिसऱ्या सोमवारी, कोटेशन मागवलंय. चौथ्यालाही काही नव्हतं, तरी जाऊन तेवढंच सांगितलं. पाचव्या सोमवारी पंखा बसला. त्याच आठवड्यात तो मुलगा शिफ्ट सुटल्यावर थांबून राहिला आणि म्हणाला, "सर, पाच नंबरच्या पेडलची स्प्रिंग ढिली वाटतेय. लॉगबुकात लिहिलंय, पण तुम्ही एकदा येऊन बघा."